चौदा नंबरचे पोहे

“एकाच माणसाचं रक्त चुकून दोन नळ्यांत भरलं गेलं असेल.”

हे वाक्य माझं आहे. मी ते डॉक्टर मॅडमच्या खोलीत, चार माणसांसमोर, अगदी शांतपणे बोललो. मला तसं खरंच वाटत होतं का, असं आज कोणी विचारलं, तर उत्तर असं की मी तपासलंच नव्हतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. इंदूरच्या राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर एक रक्त-तपासणीची लॅब आहे, तिचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. यंत्रातून आकडे येतात, माझा प्रोग्राम ते त्या त्या पेशंटच्या फाइलमध्ये लिहितो आणि रिपोर्ट छापला जातो. पूर्वी एक फाइल लिहून संपली की मगच दुसरी सुरू व्हायची, त्यामुळे सकाळच्या गर्दीत सगळं रखडायचं. मी ती पद्धत बदलली. लिहिण्याची कामं एका रांगेत टाकायची, ती मागच्या मागे होत राहतील आणि प्रोग्राम पुढे जाईल. रिपोर्ट भराभर निघू लागले. लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यांसाठी जिलेबी मागवली. मला ती जिलेबी फार आवडली, हेही सांगून टाकतो.

लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम एक गृहस्थ करायचे. वय अठ्ठावन्न. वडील गिरणीत नोकरीसाठी आले आणि हे इंदूरचेच झाले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीसुद्धा. त्यांची एक सवय होती. नळीवर पेशंटचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचे, मग नळी पेशंटसमोर धरून म्हणायचे, “वाचा जी, मोठ्यानं.” पेशंटनं स्वतःचं नाव वाचल्याशिवाय सुई लावायची नाही. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांच्याबरोबरच्या माणसाकडून वाचून घ्यायचे. घाईतले लोक वैतागायचे. “अरे काका, मेरा ही हाथ है, मेरा ही नाम होगा,” असं कोणी म्हटलं की काका म्हणायचे, “हाथ आपका है, नली तो मेरी है ना.”

तर एके दिवशी जवळच्या देपालपुरहून एक मुलगा तणतणत आला. त्याच्या आईच्या रिपोर्टमध्ये साखर बेसुमार वाढलेली दाखवली होती. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आठ दिवसांत बाई चक्कर येऊन अंगणात पडल्या, मनगट मोडलं. दुसरीकडे तपासलं, तर साखर अगदी नॉर्मल. आमच्या लॅबनं शोध घेतला तेव्हा दिसलं, की त्याच सकाळी आलेल्या एका दुकानदाराच्या रिपोर्टमध्ये हुबेहूब तेच आकडे होते. आणि त्याचे ते खरे होते.

मॅडमनी काकांना आणि मला बोलावलं. तो मुलगा आणि काउंटरवरच्या बाई तिथेच होत्या.

काका म्हणाले, “मॅडम, नळ्या बदलल्या असत्या तर दोन रिपोर्ट चुकले असते. यांचा त्याला, त्याचा यांना. इथे एकच चुकलाय. और इनकी माताजी ने खुद नाम पढ़ा था मेरे सामने.” मग माझ्याकडे वळून, भैयाचं इंदुरी ‘भिया’ करत म्हणाले, “भिया, तुमचा कंप्यूटर बिना चष्म्याचा तर नाही ना?”

सगळे हसले, मुलगासुद्धा. मला तो टोमणा लागला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता आणि तो मला त्या क्षणी कळलाही होता. पण महिन्यापूर्वीच जिलेबी खाल्लेली होती. मी म्हणालो, “कंप्यूटरला जे मिळतं तेच तो लिहितो.” आणि मग ते नळ्यांचं वाक्य बोललो.

मॅडमनी ते मानलं. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या हातातली सुई गेली. त्यांना बाहेर टोकन वाटायला बसवलं.

आता पोह्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला माणूस रक्त दिल्याबरोबर पोह्यांची आठवण काढतो. बाहेर गाडी लागलेली असते. लॅबच्या मावशी विचारतात, “किसके लिए लाऊँ?” आणि टोकनचा नंबर लक्षात ठेवून प्लेट घेऊन येतात.

दोन महिन्यांनी मी काही कामासाठी लॅबमध्ये बसलो होतो. चौदा नंबरवाल्या एका तरुण बाईंनी रक्त दिलं, पोहे सांगितले आणि तेवढ्यात फोन आला म्हणून टोकन काकांच्या हातात देऊन त्या बाहेर गेल्या. काकांनी ते टोकन पुढच्या आजोबांना दिलं. पाच मिनिटांनी मावशी आल्या. “चौदह नंबर!” आजोबांनी हात वर केला. प्लेट घेतली आणि शेव आणि जीरावन मसाल्यासकट पोहे फस्त केले. त्यांचं रक्त अजून घ्यायचं होतं.

आत त्यांची पाळी आली तेव्हा गोंधळ झाला. “बाबूजी, आपने खाया क्यों?” मावशी ओरडल्या. आजोबा म्हणाले, “आपने दिया क्यों? मुझे लगा इंदौर में टेस्ट ऐसे ही होता है!”

हसू आवरेना कोणाला. काका मात्र उठून उभे राहिले. “मेरी गलती है, बाबूजी. कल आइए, मैं खुद फोन करूँगा.” मग मावशींना, आणि थोडं स्वतःलाच म्हणाले, “पोहे यायचे बाकी होते. ते येईपर्यंत टोकन परत घ्यायलाच नको होतं मी.”

मी हसत होतो तो तिथेच थांबलो.

ऑपरेटिंग सिस्टिम उघडलेल्या प्रत्येक फाइलला एक लहानसा नंबर देते. त्याला हँडल म्हणतात. फाइल बंद झाली की नंबर मोकळा होतो आणि पुढच्या फाइलला तोच मिळतो. माझ्या नव्या पद्धतीत मी एक ओळ घातली होती: लिहायला फार वेळ लागला तर वाट बघायची नाही, फाइल बंद करायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दुकानदाराची फाइल अशी बंद झाली. पुन्हा उघडून ती नीट लिहिली गेली. पण पहिलं काम रांगेतच राहिलं होतं, जुना नंबर धरून. तो नंबर तोवर देपालपुरच्या बाईंच्या फाइलला मिळाला होता. त्यांचे खरे आकडे लिहून झाल्यावर ते उशिराचं काम आलं आणि त्यांच्यावर दुकानदाराचे आकडे लिहून गेलं.

घरी जाऊन मी मुद्दाम डिस्कचा वेग कमी केला आणि शेकडो खोटे रिपोर्ट सोडले. चहा संपायच्या आत एक चुकला. मग आणखी एक. दुरुस्ती काकांच्याच शब्दांत होती: फाइलचं रांगेतलं शेवटचं काम पुरं होईपर्यंत ती बंद करायची नाही. एवढं लिहायला एक दुपार पुरली. नव्या आवृत्तीबरोबर जी टीप द्यावी लागते तिच्यात मी लिहिलं, “स्थिरतेत सुधारणा.”

आणि गप्प बसलो. आणखी दोन महिने. रोज एक कारण सापडायचं. मॅडम परगावी आहेत, आज गर्दी आहे, आता कोणाला आठवतंय. लॅबमध्ये जाताना मी टोकनच्या टेबलाकडे न बघता आत शिरायचो. काका हाक मारायचे, “क्या भिया, ईद का चाँद!” मी हात हलवायचो.

एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. खिशातून नवा चष्मा काढून दाखवला. “डोळे तपासले. डॉक्टर म्हणाला नंबर तोच आहे. मग हाताचं बघून घेतलं, थरथर वगैरे. तेही ठीक म्हणतात.” चष्मा परत खिशात ठेवून म्हणाले, “पण वय होतं, भिया. तुम्ही म्हणालात तसंच झालं असणार. भरलं असेल मीच दोन नळ्यांत. त्या बाईंचा हात मोडला माझ्यामुळे.”

त्यांनी माझं खोटं स्वतःवर घेतलं होतं. त्याआधी ते माझ्यावर चिडलेले असावेत अशी मला मनातून आशा होती, हे मला तिथे कळलं.

मी त्यांना तसंच घेऊन वर गेलो. काउंटरवरच्या बाईंनाही बोलावलं. मॅडमसमोर सगळं सांगितलं: ती ओळ, ती टीप, ते दोन महिने. मॅडमनी फक्त विचारलं, “दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट?” जुने सगळे आकडे यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहायचं ठरलं, ते मी नंतर आठ दिवस केलं; तसा दुसरा रिपोर्ट सापडला नाही. देपालपुरला फोनही मीच केला. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “माँ का हाथ अब भी सीधा नहीं होता,” आणि फोन ठेवला.

काका शेवटी एवढंच म्हणाले, “चष्मा उगाच केला.”

मॅडमनी त्यांना त्याच दिवशी आतलं काम परत दिलं. ते गेले नाहीत. दोन दिवस टोकनच वाटत बसले. तिसऱ्या दिवशी मी सकाळी काही न खाता गेलो, टोकन घेतलं आणि म्हणालो, “काका, माझं रक्त तुम्हीच घ्या.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आत आले. नळीवर सावकाश नाव लिहिलं, ती माझ्यासमोर धरली. “वाचा जी. मोठ्यानं.”

मी वाचलं.

त्यांनी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. रक्त आलं नाही. सुई थोडी वळवली, तरी नाही. तीस वर्षांत त्यांची सुई चुकलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“माफ करा, भिया,” ते म्हणाले.

मी दुसरा हात पुढे केला.