व्हर्नियरने मोजलेली भाकरी

दहावीनंतर मी डिप्लोमाला नगरला आलो. घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज जाणं-येणं जमणार नव्हतं, म्हणून सावेडीत आम्ही तिघांनी मिळून एक खोली घेतली. दुसरा पुणतांब्याचा, तिसरा पाथर्डीकडचा. तिघंही मेकॅनिकलला. निघताना तिघांच्याही आयांनी एकच बजावलं होतं, पोटाला नीट खात जा.

आम्ही खात होतोच. सकाळी चहात बुडवलेली खारी, दुपारी कॉलेजच्या गेटवरचा वडापाव, संध्याकाळी पाकिटातल्या नूडल्स. खोलीत गॅस होता, आईने दिलेला तवा आणि परातही होती. परातीत आम्ही मोबाईलचे चार्जर ठेवायचो. पाथर्डीकराला तर बटाट्याशिवाय कुठलीच भाजी चालत नव्हती. ताटात हिरवं काही दिसलं की तो म्हणायचा, "हे आमच्या शेळ्या खात्यात."

दिवाळीनंतर कॉलेजच्या मैदानावर मॅच होती. दुसरी रन काढायला मी वळलो आणि पिचच्या मधोमध मटकन खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. विकेटकीपर आमच्याच वर्गातला. त्याने आधी बेल्स उडवल्या आणि मग पाणी आणलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालं. "दिवसभरात खातोस काय?" त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "या घे. पण गोळ्यांवर जगायचं तुझं वय नाही. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, भाकरी, हे सगळं तुमच्याच शेतात पिकतं ना?"

आमच्या घरमालकीण खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. निवृत्त शिक्षिका, दर रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. मला धरून जिना चढवताना दोघांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, आता बाई डबा पाठवतील. बाई म्हणाल्या, "उद्या सहा वाजता तिघंही खाली या. हात धुऊन. येताना परात आणा."

पहिल्या दिवशी फक्त मेथी निवडली. एक जुडी निवडायला तिघांना पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी मुगाची डाळ घालून तीच मेथी केली. ताटं वाढल्यावर बाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पुणतांबेकराने तोवर घास उचलला होता, तो तसाच हातात धरून बसला. "आमेन" झाल्यावर त्याने तो खाल्ला आणि ओरडला, "बाई, लई भारी झालीय!" पाथर्डीकराने आधी नुसती डाळ वेचून खाल्ली. मग आमच्याकडे न बघता मेथीही खाल्ली. आम्ही त्याला शेळ्यांची आठवण करून दिली नाही. खरं तर त्याला अजून वाढून घ्यायचं होतं, ते आम्हाला दिसत होतं.

भाकरी मात्र आठवडाभर छळत राहिली. बाजरीचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, भरपूर मळायचं, हे कळलं होतं. पण थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना निम्मी हातातच राहायची. बाई म्हणायच्या, "मध्ये जाड ठेवतोस, म्हणून फुगत नाही." मी म्हणायचो, सगळीकडे सारखीच आहे. शेवटी पाथर्डीकर वर जाऊन व्हर्नियर कॅलिपर घेऊन आला. भाजलेल्या भाकरीचे तुकडे करून आम्ही जाडी मोजली. कडेला तीन मिलिमीटर, मध्ये सहा! बाई हसता हसता खुर्चीवर बसल्या. "तीस वर्षं शिकवलं, पण असला विद्यार्थी नाही पाहिला."

त्यानंतर दोनच दिवसांनी माझी भाकरी फुगली. आचेवर टाकली आणि बघता बघता टम्म झाली. आम्ही तिघांनी इतका आरडाओरडा केला की शेजारचे काका चप्पल न घालताच पळत आले. त्यांनाही त्या भाकरीचा चतकोर मिळाला, गूळ-शेंगदाण्यासकट.

मग आम्ही वरच्या खोलीतच रांधायला लागलो. मोडाची मटकी, पालक, हुलग्याचे शेंगोळे. दुपारचा डबाही आम्हीच भरून न्यायचो, आणि वर्गातली पोरं त्यावर अशी तुटून पडायची की पुढे पुढे दोन भाकऱ्या जास्तीच थापाव्या लागायच्या. वर्गातली माझी झोपही गेली. फेब्रुवारीत त्याच मैदानावर मी एका बॉलवर तीन रन पळून काढल्या आणि उभाच राहिलो.

त्याच महिन्यात एका दुपारी आई न सांगता आली. आजारपणाचं तिला आधी कळवलं नव्हतं. पुणतांबेकराने फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं होतं. पिशवीत तूप आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा मी भाकरी थापत होतो.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्ये कुनी शिकवलं रं तुला?"

"खालच्या बाईंनी. तू बस, गरम खा."

ती उठून मदतीला येऊ लागली. पाथर्डीकराने तिला हाताला धरून परत बसवलं. तिच्यापुढे ताट ठेवलं, पालकाची भाजी वाढली, वर गरम भाकरी. आमच्या घरात आई नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवते, चुलीपुढे, उरलेलं. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी तिच्या ताटात पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मग म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय." आणि तिसरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर ती बाईंना भेटायला खाली गेली. "बाई, तुमी माझ्या पोराला लई चांगलं शिकवलं," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "मी काय शिकवलं, ताई? त्यांनीच मोजमाप घेऊन केलं. बसा, चहा ठेवते." दोघी अंगणात बसल्या. शेपूची भाजी कोण कशी करतं यावरून सुरुवात झाली, ती पार दोघींच्या माहेरापर्यंत गेली. पाचची एसटी गेली, सहाचीही गेली. मी दोनदा आठवण करून द्यायला गेलो, तेव्हा आईने मला हातानेच परत पाठवलं.

त्या रात्री आई बाईंकडेच राहिली.