लाज चपलेपाशी

"लाज चपलेपाशी ठेवजा अन् आत येजा. जाताना घालून घेजा. कोणी चोरत नाई."

दारात उभं राहून, बॉलपेनचं टोक खाली चपलांच्या ढिगाकडे करून त्या हे म्हणायच्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या छातीची तपासणी होते, त्या खोलीच्या त्या सिस्टर. मूळच्या वडनेरच्या. नावाचा बिल्ला होता, पण तो कायम उलटा लटकलेला, त्यामुळे सगळे नुसतं सिस्टरबाई म्हणायचे.

आता तुम्ही विचाराल, बायकांच्या त्या खोलीपाशी तुझं काय काम होतं? विचारा. मीही तेव्हा स्वतःला हेच विचारत होतो.

देवळीत माझं कापडाचं दुकान. साड्या, ब्लाऊजपीस, परकर. उभा जन्म बायकांशी मापं बोलण्यात गेला. अशा माणसाच्या बनियनवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक तांबूस डाग पडायला लागला. डाव्या बाजूला, रोज एकाच जागी. मी म्हटलं, तंबाखूच्या खर्र्याचा असेल. बायको म्हणाली, "खर्रा तोंडानं खाता का छातीनं?" मी उलट तिलाच बोललो, की तुला कपडे धुता येत नाहीत. बोंडामागे सुपारीएवढी गाठ होती, तिला महिनाभर हळद-तेल चोळलं. बोंड आत ओढलं गेलं, तेव्हा बायकोनं दुकानाला कुलूप लावलं आणि मला वर्ध्याच्या बसमध्ये बसवलं.

तिथं बाकावर वीसेक बायका आणि त्यांच्यात मी. चेहऱ्यासमोर पेपर धरून बसलो, म्हणजे लोकांना वाटावं की हा बायकोसोबत आला आहे. सिस्टरबाई तोवर बाकावरच्या बायकांची शाळा घेत होत्या. "खाज दोन्हीकडं असली तं खाज. एकाच बोंडाले असली, खपली धरली, मलमानं जात नसली, तं तिले खाज म्हणू नका. इकडं या." मी पेपर आणखी वर केला. मग त्यांनी हाक मारली, "चला, पुढची बाई!"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मी हललो नाही. ती उठून सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी नाई, हे पेशंट हायेत."

बाकावर पदर तोंडाला लागले. मी उभा राहिलो. सिस्टरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हसल्या मात्र नाहीत. बॉलपेन चपलांकडे गेलं आणि ते वाक्य आलं.

केसपेपर बायकांसाठीच छापलेला. नावाआधी श्रीमती. त्यांनी ते खोडलं. पाळी कधी आली, लेकरं अंगावर पाजली काय, या रकान्यांवर रेघ मारत गेल्या. मी म्हटलं, "सिस्टर, हा बाईचा रोग. मले काऊन झाला?"

"काऊन म्हणजे? तुमाले छाती नाई काय?"

मग आईचं विचारलं. मी म्हटलं, शाळेत होतो तेव्हाच वारली, छातीला थानेला झालता म्हणत होते, गळू. त्यांचं पेन थांबलं.

"लेकरू पीत होतं काय तेव्हा अंगावर?"

"नाई. मीच दहावीत होतो."

"मंग थानेला कायचा, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि ती कशानं गेली हे मला त्या दिवशी कळलं.

सुईची तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला आणि रोग पक्का झाला. लाखांतल्या एखाद्या पुरुषाला होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लॉटरीची तिकिटं वर्षानुवर्षं घेतली, नंबर लागला तो इथं. डावी बाजू काखेपर्यंत काढली. मग किरणांचा शेक झाला, आणि मग रोज एक गोळी, पाच वर्षं. तीही बायकांचीच गोळी. तिच्यानं अंगातून वाफा निघायच्या. घरात बायकोचीही पाळी जायची उमर, तिच्याही तशाच वाफा. कूलरपुढे आम्ही दोघं पाखरं भांडावीत तसे जागेसाठी भांडायचो.

गावात, नात्यात मी सांगितलं, चरबीची गाठ होती, काढली. माझं हे चरबीपुराण इतकं चाललं, की चार लोकांनी तूप सोडलं.

सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, की आईला होता, तुम्हाला झाला, म्हणजे बहिणीची तपासणी झालीच पाहिजे. मला एकच बहीण, शालू. माझ्याहून लहान, तळेगावला दिलेली. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बहिणीजवळ छातीचा शब्द काढायचा तरी कसा? आमच्या घरात भाऊ-बहीण ताप-खोकल्यावर बोलतात.

खरी पंचाईत भाऊबीजेची होती. शालूची रीत अशी, की भावाला पाटावर उघडा बसवून स्वतःच्या हातानं तेल-उटणं लावायचं, मग आंघोळ, मग ओवाळणं. बनियन काढलं की बिंग फुटणार. म्हणून मी घरूनच आंघोळ करून जायला लागलो. पहिल्या वर्षी ती नुसती पाहत राहिली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "माह्या हाताचं तेल आता नको झालं काय, दादा?" मी हसण्यावारी नेलं.

दर सहा महिन्यांच्या तपासणीला सिस्टरबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "बहिणीले सांगतलं काय?"

"सांगतलं ना."

"मंग आली नाई तपासाले?"

"सोयाबीन काढणं चालू हाय जी."

पुढच्या खेपेलाही मी सोयाबीनच सांगितलं. त्यांनी चष्मा खाली केला. "भाऊ, दोन वर्षं झाली. साऱ्या जिल्ह्याचं सोयाबीन एकटी तुमचीच बहीण काढून राह्यली काय?"

मग मी सगळं ओकलो. आंघोळ, पाट, तेल. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा परत वर केला. मग म्हणाल्या, "सांगाले जमत नाई ना? नका सांगू. ह्या दिवाळीले पारोसे जाजा."

तुम्ही सणाच्या दिवशी पारोसं एस.टी.त बसून पाहिलं आहे का? सगळी बस उटण्याच्या वासाची, आणि देवळीचा कापडवाला दाढी खाजवत, कालच्या सदऱ्यात. वर्ध्यापासून तळेगावपर्यंत मी एक भाषण पाठ करत गेलो.

शालू इतकी खूश झाली, की तिनं पाट दोनदा पुसला. "आला बाप्पा पारोसा!" मी पाटावर बसलो, डोळे मिटले आणि बनियन काढलं. भाषण साफ विसरलो.

तेलाचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"दादा, हे काय?"

"बायकांचा रोग झालता मले. आईले झालता तोच."

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं तेलाच्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "दोन वर्षं! अन् मले चरबी सांगत होता!" मग ती पाटाशेजारी जमिनीवरच बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. म्हणाली, "मलेही खाज हाय तिथं. पोलक्याले डाग पडते. डॉक्टरनं मलम देल्लं, पाच ट्यूबा झाल्या."

"डॉक्टरनं पाह्यलं काय?"

"त्याले कशी दाखवू? नुसतं खाज हाय म्हणून सांगतलं."

पेपरामागे बसून ऐकलेली ती शाळा मला आठवली. "एकाच बाजूले हाय काय?"

"हो. तुले कसं माहीत?"

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या दारात होतो. सिस्टरबाईंनी आधी मला पाहिलं, मग मागे पदर आवळून उभ्या असलेल्या शालूला. "आली काय बाई सोयाबीन काढून?" असं म्हणत त्यांनी तिचा हात धरला आणि बॉलपेन चपलांकडे केलं.

शालूचाही रोग दुर्मिळच निघाला. बोंडाच्या कातडीवर गजकर्णासारखा दिसणारा, मलमाला फसवत राहणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काखेत गेलेला नाही, पण आतवर पसरला आहे, बाजू काढावीच लागेल. शालू वर्षभर आधी आली असती तर तिची बाजू वाचली असती का, हे मी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही. ते वर्ष मी खाल्लं, माझ्या लाजेनं खाल्लं. एवढी एक गोष्ट मला हसून सांगता येत नाही.

शालू बरी झाली. पुढे आम्ही दोघं जोडीनंच तपासणीला जायला लागलो, ती तळेगावहून, मी देवळीहून. सिस्टरबाई म्हणायच्या, "आली बहीण-भावाची वरात." एकदा भाऊबीजेला जेवायला या म्हटलं, तर म्हणाल्या, "येईन ना, रिटायर तं होऊ द्या."

झाल्या रिटायर. वडनेरला गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात झोपेतच वारल्या. हे आम्हाला तपासणीच्या दिवशी दारात उभं असताना कळलं. खोलीत नवी फरशी बसली होती, हाकेऐवजी नंबर पुकारत होते. आम्ही सवयीनं चपला काढल्या. नवी सिस्टर म्हणाली, "काका, चपला घालूनच या. आता काढाव्या नाई लागत."

"राहू द्या," मी म्हटलं. शालूनं तिच्या चपला माझ्या चपलांशेजारी सरळ करून ठेवल्या.

नंबर लागला. आत पाऊल टाकता टाकताच मी सदऱ्याची बटणं काढायला लागलो.

"दादा," शालू मागून म्हणाली, "थांब ना, दार तं लावू दे."