अर्ध्या वाटेवरचं अक्षर

पनवेलच्या बाजारात जिन्याखाली एका गृहस्थांचं कीबोर्डचं दुकान होतं. मी एकदाच गेलो आणि नाव विचारायचं राहिलं. माझी बोटं दुखत होती, आणि अनुवाद टाईप करणं हीच माझी नोकरी. लिहिण्यावर पोट भरणारा आमच्या घरातला मी पहिलाच.

मेकॅनिकल कीबोर्ड हवा म्हटल्यावर त्यांनी नऊ बटणांची छोटी पट्टी पुढे ठेवली. प्रत्येक बटणाखाली वेगळ्या रंगाचा, वेगळ्या दाबाचा स्विच. मी निळ्याकडे हात नेला, तर त्यांनी पट्टीवर आपला रुमाल पसरला.

"जनाब, रंगावर जाऊ नका. डोळे मिटा."

मी रुमालावरूनच एक बटण दाबलं. ते हसले. "टाइपरायटरवर शिकलात ना? दार तोडताय."

"तिथं जोरात मारल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही."

"इथं उमटतं. अर्ध्या वाटेवर बारीक उंचवटा लागेल. तो लागला की काम झालं. पुढचा जोर फुकट."

मी एकेक बटण हळू दाबत गेलो. सहाव्याला बोट थबकलं. लहानपणी वडिलांमागून मिठागरात अनवाणी चालायचो, तेव्हा मिठाचा पापुद्रा तळव्याखाली असाच हलकेच मोडायचा. डोळे उघडावेसे वाटेनात. त्यांनीही घाई केली नाही.

तेच स्विच असलेला कीबोर्ड घेतला. दुखणं बरंच उतरलंय. अजूनही बोट कधीकधी जुन्या सवयीनं जोर करायला जातं. मधे तो पापुद्रा लागतो आणि मी थांबतो. अक्षर तोवर उमटलेलं असतं.