शुद्ध वाक्य

बाजाराचा दिवस होता. मी गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडत होतो, तेवढ्यात म्हसावदचा एक ओळखीचा गाडीवान दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. मग खाली बघत म्हणाला, ‘‘शेठ, मास्तर गयात.’’ अर्धवट उलगडलेलं लुगडं तसंच माझ्या हातात राहिलं. याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मास्तरांबद्दल लिहायला अनेकदा बसलो, आणि दर वेळी एकाच वाक्यापाशी येऊन थांबलो…

दत्तात्रय मास्तर शहाद्याच्या शाळेत मला मराठी शिकवायला होते. आमच्या घरी मारवाडी, दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी आणि शाळेत मास्तरांची मराठी, अशा तीन बोलींत मी वाढलो. वर्गात कुणाच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं, तर मास्तर त्याला तासभर उभं करत. स्वतः ते म्हसावदचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांची आई कधीमधी भाजीचं गाठोडं घेऊन शाळेत येई, तेव्हा मास्तर तिला घाईघाईने मागच्या ओट्यावर नेत आणि हलक्या आवाजात विचारत, ‘‘आई, आपण केव्हा आलात?’’ ती हसून म्हणे, ‘‘काय बोली ऱ्हायना रे भाऊ?’’ आम्ही पोरं खिडकीतून ऐकायचो. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मी वीस वर्षांचा असताना नॉर्वे देशातून तीन तरुण परिचारिका शहाद्याला आल्या. त्यांना आसपासच्या खेड्यांत दवाखाने चालवायचे होते, पण त्याआधी वर्षभर इथली भाषा आणि रीतभात शिकायची होती. शिकवायला मास्तर ठरले आणि जागा ठरली आमच्या दुकानावरची माडी. परक्या बायका आणि पुरुष मास्तर, तेव्हा घरचं कुणीतरी तिथे असावं म्हणून वडिलांनी मला बसवलं. रीतभात शिकवावी ती मास्तरांनीच. कुणाच्या घरी गेलात तर चपला बाहेर. पाणी पुढे केलं तर निदान घोटभर घ्यायचं. देणंघेणं उजव्या हाताने. बाईला तिच्या नवऱ्याचं नाव विचारायचं नाही. अंगणात धान्य वाळत असेल तर वळसा घालून जायचं, ओलांडायचं नाही. तान्हं मूल कितीही गोड असलं तरी तोंडावर तसं म्हणायचं नाही. दृष्ट लागेल म्हणून आई धास्तावते. त्यावर इंगा नावाची सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या गावी तसं म्हटलं नाही तर आई रागावते.’’ मास्तर मनापासून हसले होते.

इंगा पुस्तकावर थांबणारी नव्हती. संध्याकाळी ती विहिरीवर बायकांत जाऊन बसायची आणि ऐकलेलं वहीत उतरवायची. एके दिवशी औषधाबद्दल रोग्याला काय सांगायचं, हा धडा चालू होता. खरजेचं औषध फक्त अंगाला लावायचं, हे मुलाच्या आईला कसं सांगाल, असं मास्तरांनी विचारलं. इंगाने वहीतून वाचलं, ‘‘हाई आंगले चोपड. पोऱ्याले पाजू नको.’’ तिच्या तोंडून ‘चोपड’ ऐकून मला हसू आवरलं नाही. मास्तर मात्र गंभीर झाले.

‘‘हे कुठून आणलंत?’’

‘‘विहिरीवरून. तिथे सगळ्या असंच बोलतात.’’

‘‘विहिरीवर चिखलही असतो, बाई. तो घरात आणायचा नसतो.’’

त्यांनी तांबड्या पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं : ‘हे औषध बाह्योपचारार्थ आहे. मुखावाटे देऊ नये.’ इंगाकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं.

वर्ष संपलं, परीक्षा झाली, इंगाची नेमणूक म्हसावदच्या दवाखान्यात झाली. दोनेक महिन्यांनी ती अचानक आमच्या माडीवर आली. मास्तर वर होते. ती भिंतीला टेकून खाली बसली. तुळसा नावाच्या मजूर बाईचं दीड वर्षांचं मूल खरजेने भरलं होतं. इंगाने बाटली दिली, काय करायचं ते सांगितलं, तुळसाने मान हलवली. घरी जाऊन तिने ते औषध मुलाला पाजलं. मूल गेलं.

मग मास्तरांनी विचारलं, ‘‘तुम्ही तिला काय म्हणालात?’’ इंगाने ते वाक्य म्हणून दाखवलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. वाक्य शुद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन बैलगाडीने म्हसावदला गेले. तुळसा उंबऱ्यात बसली होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. न विचारताच म्हणाली, ‘‘बाईनी मुख सांगं. भजनमा ऐकेल शब्द, बाकीनं समजनं नही. मी मुखमा दिधं.’’ मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, ‘‘माझी…’’ म्हणाले आणि अडखळले. मग सावकाश, एकेक शब्द जमवत म्हणाले, ‘‘मन्ही चूक शे, माय. तुन्ही नही.’’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘मंग मन्हा पोऱ्या का बरं गया?’’

परतीच्या वाटेत मास्तर गाडीत पाठमोरे बसले होते. आईची बोली त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

पुढे नव्या परिचारिका आल्या, तेव्हा मास्तरांनी आपल्या आईला आणून वर्गात बसवलं. म्हातारी पाय पसरून बसे आणि मुली तिच्याशी बोलायला शिकत. मास्तर कोपऱ्यात मुकाट ऐकत. इंगा मायदेशी परतली नाही. औषध हाताने लावून दाखवल्याशिवाय ती कुणाला बाटली देत नसे. लोक म्हणत, झालं गेलं मिटलं. मला तसं वाटत नाही. नोकरी संपल्यावर मास्तर शहादा सोडून म्हसावदला राहायला गेले. रोज फिरायला जाताना ते तुळसाच्या दारावरून जात. ती त्यांच्याशी कधी बोलली नाही, आणि त्यांना बघून तिने दारही कधी लावून घेतलं नाही. शेवटच्या भेटीत मी धीर करून म्हणालो, ‘‘मास्तर, तुमचा हेतू वाईट नव्हता. आणि हसलो तर मीही होतो.’’ ते म्हणाले, ‘‘हेतू माझ्यापाशी राहिला रे. तिच्यापर्यंत वाक्य गेलं.’’ हसण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं… त्यांना पोचवायला सगळं गाव लोटलं होतं. तुळसा आली नाही, असं गाडीवान सांगत होता.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतली एक सवय सांगायची राहिली. ‘समजलं का’ असं ते कुणालाच विचारत नसत. शिंपी असो, पोस्टमन असो, सांगून झालं की म्हणत, ‘‘काय समजनं ते सांग.’’ माणसं वैतागत. मीही वैतागलो आहे. परवा डोंगरातून आलेला पावरा जमातीचा एक माणूस बायकोसाठी निळं कापड घेऊन गेला. रंग कच्चा आहे, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजव, वेगळं धू, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि गाठोडं काखेत मारलं. तो पायरी उतरला, तेव्हा मी त्याला परत बोलावलं आणि विचारलं, ‘‘काय समजनं ते सांग.’’ तो कापडाकडे बघत राहिला. मग ओशाळून म्हणाला, ‘‘काहीच नही, शेठ.’’

मी त्याला आत बसवलं, घरातून मूठभर मीठ आणि पाण्याचं घंगाळ मागवलं.