पाणी चढलं की मासे कुठं जातात

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरच्या बबिता राठोडचा दिवस कापूस-तुरीत जायचा, पण जीव होता पैनगंगेत. तिची याडी, म्हणजे आई, जमनी पदरानं मासोळी धरायची, आणि तिच्या मागोमाग कमरेइतक्या पाण्यात ही पोर. म्हणून नदीचा अभ्यास करणाऱ्या यवतमाळच्या प्राची मॅडम कामाला माणूस शोधत आल्या, तेव्हा बबिता आपणहून पुढं झाली.

"ताई, पोहता येतं?"

"पोहणं सोडा, नदी कुठं पाय ओढते तेही मले ठाऊक आहे."

धरणातून खालच्या गावांसाठी पाणी सोडलं की मासे कुठं सरकतात, याचं मॉडेल प्राची कॉम्प्युटरवर बांधत होत्या. पाण्याचा वेग मोजायचा पंखा काठीला लावून बबिता पाण्यात उभी राहायची, आकडे सांगायची. महिन्याभरानं प्राचींनी नकाशा दाखवला. पाणी चढलं की मासे खालच्या डोहात जाणार, असं त्यात दिसत होतं.

"डोहात? कायले?" बबिता म्हणाली. "पाणी आलं का तिथं धार लागते. मासे काठाले येतात, जांभळीच्या मुळात."

"दाखवता येईल?"

"सोमवारी पाणी सुटून राह्यलं ना? चला."

सोमवारी पाणी छातीपर्यंत आलं. डोहातल्या जाळ्यात तीन मासे निघाले, मुळांतल्या जाळ्यात एकेचाळीस. बबितानं तिथं पंखा बुडवला, तर तो जेमतेम फिरत होता. प्राची हसल्याच. त्यांच्या मॉडेलमधला एकेक चौकोन वीस फुटांचा होता. चार हातांची ती शांत जागा त्यात मावलीच नव्हती. पुढचे तीन आठवडे दोघींनी फक्त काठ मोजला. नवं मॉडेल पुढच्या वेळी बरोबर ठरलं.

पण बबिताचं समाधान झालं नव्हतं. "चढत्या पाण्यात मासे वाचतात, मॅडम. मरतात उतरत्या पाण्यात. धरणाचं दार एकदम बंद झालं का काठचे मासे खड्ड्यात अडकतात."

प्राचींनी तेही मॉडेलमध्ये चालवून पाहिलं आणि मे महिन्यात दोघी धरणावरच्या बैठकीला गेल्या. अभियंते पुंडलिकराव यांनी विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?" प्राचींनी बबिताकडे हात केला. ती पदर सावरून उठली आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, पाणी तेवढंच द्या. बंद मात्र हळूहळू करा, सकाळपासून सांजेपर्यंत."

"एकदा करून पाहू," पुंडलिकराव म्हणाले.

आधीच्या वेळी खड्ड्यांत दोनशेवर मासे मेलेले तिनं मोजले होते. या वेळी दार हळूहळू बंद झालं आणि अडकले एकोणीस, तेही जिवंत. ओंजळीनं उचलून तिनं ते धारेत सोडले. पुंडलिकरावांनी तीच पद्धत कायम केली.

आता नदीचा नवा टप्पा घेताना प्राची आधी बबिताला विचारतात, "इथं काय होईल?"

"पाह्यल्याबिगर सांगत नाही," असं म्हणून ती पाण्यात उतरते.