तलावातल्या मासळीचा गुन्हा

ती सकाळ विसरायची म्हटली तरी मला विसरता येत नाही. दुष्काळाचं साल होतं. धारूरच्या डोंगराखालच्या एका तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि त्यावर मेलेल्या माशांचा पांढरा थर तरंगत होता. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यावर होता आणि त्याच पाण्यातून गावोगावचे टँकर भरत होते.

मी फौजदार असलेल्या ठाण्यात खबर आली ती संस्थेच्या सचिवाकडून. संस्थेतून काढलेला एक सभासद आदल्या संध्याकाळी कॅन घेऊन काठावर दिसला होता. भरसभेत त्याने "तुमाला एक बी मासा घावणार न्हाई" अशी धमकीही दिली होती. त्यानेच विष कालवलं असं धरायला आम्हाला एवढं पुरेसं वाटलं. दुपारपर्यंत तो कोठडीत होता आणि बाहेर "त्याला आमच्या हवाली करा" म्हणत जमाव उभा होता.

विख कुठून आणलंस, असं मी त्याला विचारलं. उत्तराची वाट न बघताच मी त्याच्या कानाखाली वाजवली. पन्नाशीचा माणूस होता. गाल चोळत तो म्हणाला, "साहेब, कॅन प्यायच्या पान्याचा व्हता. आन् विखाचा मासा असा मरत न्हाई. पहाटं मी पाहिलं, समदे वर तोंड काढून हवा घेत व्हते. त्यांचा दम कोंडला व्हता."

हे बोलणं बनावट वाटेना. कबुलीजबाब घेऊन मोकळे व्हा, असा वरून रेटा होता. मी घेतला नाही.

आमच्या हवालदाराने सरबताच्या जुन्या बाटलीत पाण्याचा नमुना भरून पाठवला होता. प्रयोगशाळेने तो परत धाडला. मग मी हट्टाने तिथल्या रसायनतज्ज्ञांना गाडीत घालून आणलं. पाण्यातला ऑक्सिजन काठावरच तपासावा लागतो, म्हणाले. तो जवळजवळ संपला होता. विषाचा मागमूस नव्हता. "मळीचा वास येतोय," ते म्हणाले. "मळी पाण्यात कुजली की ऑक्सिजन खाऊन टाकते. डबक्याएवढं पाणी, त्याला कितीशी लागणार?"

मळी म्हणजे साखर कारखाना. पण कारखाना दूर, आणि तिथून इकडे ओढाही येत नव्हता. काठावर चाकोऱ्या मात्र टँकरच्याच होत्या. पहिल्याच टँकरवाल्याला थांबवून विचारलं, हंगामात काय वाहत होतास?

"मळी, साहेब. कारखाना बंद झाला, आता पानी वाहतो. आमी समदेच."

"टाकी कुठं धुतली?"

"हितंच. तळाची मळी सोडली, तीनदा खळखळून धुतली." तो अभिमानाने सांगत होता. "कावून? न धुता कसं भरू? लेकरं पितेत ते पानी."

त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी त्याचा जबाब लिहून घेतला, टँकर धुण्याची सोय तलावापासून लांब करायला लावली आणि नव्या तपासणीशिवाय तिथून पाणी भरू दिलं नाही.

कोठडीचं दार मी स्वतः उघडलं. जमावासमोर मोठ्याने सांगितलं, हा माणूस निर्दोष आहे. मग त्याला म्हणालो, "काका, चुकलं माझं."

पुढे कित्येक गुन्हे उलगडले, कौतुकही झालं. माणसाला त्याच्या धंद्यातलं आधी विचारावं, हे मात्र मी त्या तलावावर शिकलो, आणि तेही उशिरा. कारण माझ्या माफीवर तो टोपी झटकत एवढंच म्हणाला, "मासे कशानं मेले ते आदी इचारलं असतं, तर न मारताच सांगितलं असतं की, साहेब."