काकांचा कॉम्प्युटर मी नवा करून दिला

माझ्याकडे मतांची कमतरता नाही. फोन कुठला घ्यावा, कुठलं ॲप आजच काढून टाकावं, एआय कुणाची नोकरी खाणार, सगळ्यावर माझं मत तयार असतं आणि कुणी विचारायची मी वाट बघत नाही. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं लग्नपत्रिका करून देण्याचं छोटं दुकान आहे. तिथे चहा पिता पिता मी ही मतं फुकट वाटायचो.

काकांचा कॉम्प्युटर जुनाट. त्यावर मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर होतं, ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. पण काकांची बोटं त्यावर सरावलेली होती. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, बटणांकडे न बघता ते अख्खी पत्रिका टाईप करायचे. मी त्याच गिऱ्हाइकासमोर त्यांना चिडवायचो, "काका, जग युनिकोडवर गेलं, तुम्ही अजून इथंच?"

"आमचं चाललंय की," ते हसून म्हणायचे.

शेवटी एका रविवारी मीच हट्टाने त्यांचं मशीन नवं करून द्यायला बसलो. सगळं पुसून नवी सिस्टीम टाकायची होती. त्याआधी पेनड्राइव्हवर काय काय काढून ठेवू, असं मी विचारलं.

"समदंच ठेवा की इंजिनिअर. मला त्यातलं काय कळतंय?"

मी समदं ठेवलं नाही. पत्रिकांच्या फायली तेवढ्या घेतल्या. ते सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट बघून मनात म्हणालो, हा कचरा आता कशाला, आणि पुसून टाकलं. चुकून झालं असं म्हणायचीही सोय नाही.

संध्याकाळी काकांनी दुसऱ्या दिवशी छापायला द्यायची पत्रिका उघडली. जुने फॉन्टच नसल्याने मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली, तीच गत. मग त्यांनी नव्याने टाईप करून बघितलं. प्रत्येक अक्षराची जागा बदललेली. पहिल्याच ओळीतला 'श्री' शोधत त्यांचं बोट बटणांवर तसंच थांबून राहिलं.

मला एवढंच म्हणायचं होतं, की काका, मी पुसलं. त्याऐवजी मी म्हणालो, "जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही काका. कधी ना कधी जाणारच होतं."

त्यांनी ते खरं मानलं. "व्हय, माझंच चुकलं. तुम्ही कवापासनं सांगत हुता, मीच ऐकलं न्हाय." वर माझा रविवार वाया गेला म्हणून जयसिंगपूरहून आणलेला भडंगाचा पुडा माझ्या हातात दिला. तो मी घरी नेला. खाल्लासुद्धा.

नंतर मी ते फॉन्ट इंटरनेटवर खूप शोधले, मिळाले नाहीत. काकांनी एक लग्नसराई दोन बोटांनी टाईप करत काढली. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. आता त्या दुकानात फक्त झेरॉक्स निघते.

परवा मीही झेरॉक्सलाच गेलो होतो. एक अनोळखी गृहस्थ फोन सारखा अडकतो म्हणून काकांना दाखवत होते. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "पावणं, ह्यास्नी इचारा. ह्यातलं समदं ह्यास्नीच कळतंय. माझा कॉम्प्युटर बी ह्यांनीच नवा करून दिलाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गृहस्थांनी फोन माझ्यापुढे धरला. "ह्यातलं काय काय पुसून टाकू?"

"काही पुसू नका," मी म्हणालो, आणि काकांकडे न बघता कागद घेऊन पायऱ्या उतरलो.